सर्पगंधेच्या मुळीतील द्रव्ये

सह्याद्रीच्या उतारावर, गोव्याच्या आणि बेळगावच्या पश्चिमेकडील ओलसर रानात, मोठ्या वृक्षांच्या सावलीत एक लहानसे झुडूप वाढते. उंची हात-दीड हात. एकेका पेरावर तीन-तीन पाने. फुले पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली, देठ मात्र तांबडेलाल. फळ वाटाण्याएवढे आणि पिकल्यावर जांभळट काळे. रानातून जाणाऱ्या माणसाने थांबून पाहावे असे त्याच्या ठिकाणी काही नाही. कण्हेर, सप्तपर्णी आणि दारातील सदाफुली यांचेच हे भावंड. संस्कृतात त्याचे नाव सर्पगंधा. मराठी मुलखात कोठे हरकी तर कोठे अडकई असेही म्हणतात. या झुडपाची सारी कीर्ती जमिनीखाली आहे. त्याची मुळी बोटासारखी जाड, वेडीवाकडी, फिकट तपकिरी सालीची असते. तिला वास जवळजवळ नाही. चव मात्र अतिशय कडू. हा कडूपणा ज्या द्रव्यांमुळे येतो, त्यांनी विसाव्या शतकातील वैद्यकाला एक नवे वळण दिले.

सर्पगंधा हे नाव कसे पडले याविषयी दोन मते आहेत. मुळीचा आकार सापासारखा म्हणून, असे एक मत. सर्पदंशावर ती देत असत म्हणून, असे दुसरे. मुंगूस नागाशी झुंजण्यापूर्वी ही मुळी चावून येते, ही कथा पुष्कळ जुनी आहे. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने सापाच्या विषावरील काही मुळ्यांचे वर्णन केले आहे आणि मुंगुसाची कथाही दिली आहे. त्यांपैकी एक मुळी सर्पगंधेची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी या वनस्पतीच्या प्रजातीला ‘राउवोल्फिया’ हे नाव दिले. ते सोळाव्या शतकातील आउग्सबुर्ग येथील लेओनहार्ट राउवोल्फ या वैद्याच्या स्मरणार्थ आहे. प्लुमिये या फ्रेंच वनस्पतिज्ञाने १७०३ साली ते ठेवले. गंमत अशी की, राउवोल्फ सीरिया आणि मेसोपोटेमियापर्यंत हिंडला, पण हिंदुस्थानात तो कधी आलाच नाही.

ग्रंथांपेक्षाही लोकांच्या अनुभवाने या मुळीची ओळख अधिक नेमकी ठेवली होती. बिहारात आणि उत्तर प्रदेशात ती बाजारात ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई. रात्र रात्र न झोपणारा, आरडाओरडा करणारा, आवरेनासा झालेला रोगी या मुळीच्या चूर्णाने शांत होतो, हे तेथील घराघरांत ठाऊक होते. मात्र हे कोणत्या द्रव्यामुळे घडते, हा प्रश्न विचारण्याची वेळ यायची होती.

ती वेळ दिल्लीत आली. हकीम अजमल खान यांनी तेथे तिब्बिया कॉलेज उभे केले होते. युनानी आणि आयुर्वेदिक औषधांची तपासणी आधुनिक रसायनशास्त्राच्या रीतीने व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. या कामासाठी त्यांनी सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुणाची निवड केली. सिद्दीकी जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे रसायनशास्त्र शिकून आले होते. हकीमसाहेब १९२७ च्या अखेरीस निवर्तले. पण काम थांबले नाही. १९३१ साली सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी रफत सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळीतून पाच शुद्ध द्रव्ये वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील तीन पांढरी आणि सौम्य, तर दोन पिवळी आणि तीव्र अल्कधर्मी होती. पांढऱ्यांची नावे अजमलीन, अजमलिनीन आणि अजमलिसीन. पिवळ्यांची सर्पेंटाइन आणि सर्पेंटिनीन. पहिल्या तिन्ही नावांत अजमल खान यांची स्मृती आहे.

ही द्रव्ये ज्या वर्गात मोडतात त्याला अल्कलॉइडे म्हणतात. वनस्पतीत तयार होणारी, नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू आणि प्राण्यांच्या शरीरावर थोड्या मात्रेतही प्रबळ परिणाम करणारी ही संयुगे होत. अफूतील मॉर्फीन, सिंकोनाच्या सालीतील क्विनीन, कुचल्यातील स्ट्रिक्नीन ही त्यांची परिचित उदाहरणे. वनस्पतीला त्यांचा उपयोग बहुधा संरक्षणासाठी होतो. कुरतडणाऱ्या किड्याला आणि चरणाऱ्या जनावराला कडू घास नकोसा वाटतो. सर्पगंधेच्या मुळीत अशी एक-दोन नव्हेत, तर पन्नासांहून अधिक अल्कलॉइडे आज ज्ञात आहेत, आणि त्यांचा बहुतेक साठा मुळीच्या लाकडात नसून सालीत असतो.

एकाच मुळीत इतकी निरनिराळी द्रव्ये यावीत कशी? याचे उत्तर अलीकडच्या काही दशकांत मिळाले. झुडूप आपल्या पेशींत दोन साधी द्रव्ये बनवते. एक ट्रिप्टामीन आणि दुसरे सेकोलोगॅनिन. एक विशिष्ट विकर या दोहोंचा सांधा जोडते आणि त्यातून स्ट्रिक्टोसिडिन नावाचे संयुग तयार होते. सर्पगंधेतील या वर्गाच्या द्रव्यांचे मूळ हेच. या एका खोडातून पुढे फांद्या फुटाव्यात तशा वाटा फुटतात. एका वाटेने अजमलीन, दुसरीने सर्पेंटाइन, तिसरीने आणखी काही. ते सांधा जोडणारे विकर घडविणारा जनुक १९८८ साली याच सर्पगंधेतून वेगळा करण्यात आला. सदाफुलीतही ही वाट सुरुवातीला अशीच चालते. म्हणून अजमलिसीन सदाफुलीच्या मुळांतही सापडते.

आता पुन्हा १९३१ कडे वळले पाहिजे. ज्या वर्षी दिल्लीत पाच द्रव्ये वेगळी झाली, त्याच वर्षी कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉक्टर कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेविषयी एक लेख प्रसिद्ध केला. मुळीच्या चूर्णाने उन्मादाचे रोगी शांत होतात आणि त्याबरोबर वाढलेला रक्तदाबही उतरतो, असा आपला अनुभव त्यांनी नोंदविला. १९३३ साली रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्राण्यांवर प्रयोग करून या गुणांची शास्त्रीय तपासणी चालविली. म्हणजे एका शहरात शुद्ध द्रव्ये हाती आली होती आणि दुसऱ्या शहरात गुण सिद्ध होत होता. दोन्ही एकत्र केले की काम संपले, असे कोणालाही वाटले असते.

परंतु येथेच अडचण होती. मुळीचे चूर्ण दिले असता जी शांतता आणि झोप येई, ती या सुंदर स्फटिकरूप द्रव्यांनी येईना. अजमलीन हृदयाच्या गतीवर परिणाम करी, इतरांचेही आपापले परिणाम होते. पण ‘पागल की दवा’ म्हणून लोकांनी जे ओळखले होते ते त्यांत नव्हते. मुळीचा अर्क काढून त्यातून स्फटिक वेगळे केले की मागे एक काळपट, चिकट, राळेसारखा गाळ उरे. शामक गुण या राळेसारख्या अंशात आहे, हे भारतातील संशोधकांनाही आढळले होते. पण तो गाळ हाताळण्यास अवघड. त्यात कितीतरी पदार्थ एकमेकांत मिसळलेले, आणि त्यातून शुद्ध स्फटिक मिळविण्याची साधने त्या काळी आपल्या प्रयोगशाळांत तुटपुंजी होती. जे चकाकत होते त्याला नावे मिळाली. जे चिकटत होते ते भांड्याच्या तळाशी तसेच राहिले.

मधल्या वर्षांत रोग्यांची सेवा करणारे डॉक्टर थांबले नव्हते. मुंबईत डॉक्टर रुस्तम जाल वकील हे हृदयरोगतज्ज्ञ के. ई. एम. रुग्णालयात काम करीत होते. त्या काळी रक्तदाब वाढलेल्या रोग्याला देण्यासारखे भरवशाचे औषध जवळजवळ नव्हते. मीठ वर्ज्य करणे, विश्रांती, आणि फारच बिकट अवस्था असेल तर मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया, एवढेच उपाय. वकील यांनी वर्षानुवर्षे आपल्या रोग्यांना सर्पगंधा दिली, दाब मोजला, टिपणे ठेवली. १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात त्यांनी ५० रोग्यांवरील उपचारांचा तपशील प्रसिद्ध केला. त्यांनी कोणतेही नवे द्रव्य शोधले नव्हते. बाजारात मिळणाऱ्या मुळीच्या गोळ्याच ते देत होते. पण त्यांच्या आकड्यांत इतकी शिस्त होती की, जगातील डॉक्टरांना त्यांकडे दुर्लक्ष करता आले नाही. अमेरिकेत बॉस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचून १९५० च्या सुमारास आपल्या रोग्यांना सर्पगंधा देण्यास आरंभ केला आणि वकील यांचा अनुभव खरा असल्याचे सांगितले. १९५७ साली वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

इकडे स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात सीबा या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिट्लर आणि बाइन या तिघांनी नेमका तोच टाकाऊ वाटणारा राळेसारखा अंश हाती घेतला. तो गाळ ते टप्प्याटप्प्याने विभागीत गेले आणि प्रत्येक भाग प्राण्यावर देऊन पाहू लागले. ज्या भागाने प्राणी शांत होई तो ठेवावयाचा, बाकीचा बाजूला सारावयाचा. अशा रीतीने १९५२ साली त्यांच्या हाती एक शुद्ध, फिकट स्फटिकरूप द्रव्य आले. त्याचे नाव रिसर्पीन. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ३३, हायड्रोजनचे ४०, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे ९ अणू असतात. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की, १९५६ साली हार्वर्ड येथे रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत संपूर्णपणे घडविले, तेव्हा तो संश्लेषणकलेतील एक मोठा विजय मानला गेला. वुडवर्ड यांना १९६५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दिल्लीतील १९३१ आणि बाझेलमधील १९५२ यांच्यामध्ये २१ वर्षांचे अंतर आहे. मुळी आपली, अनुभव आपल्या लोकांचा, पहिली शुद्ध द्रव्ये आपल्या प्रयोगशाळेतील, रोग्यांवरील पहिले शिस्तबद्ध काम आपल्या डॉक्टरांचे. शेवटचे पाऊल मात्र दुसऱ्यांनी टाकले. याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण नुसत्या हळहळीपेक्षा त्यातील बोध मोलाचा आहे. दिल्लीच्या रसायनशास्त्रज्ञांची निष्ठा कमी नव्हती की कलकत्त्याच्या वैद्यांची दृष्टी अधू नव्हती. उणीव होती ती द्रव्य वेगळे करणारा आणि त्याचा गुण तपासणारा असे दोघे एकाच छपराखाली, रोज एकमेकांना विचारीत बसण्याची. बाझेलमध्ये ती भरून निघाली होती. वनस्पतीतील कोणता अंश महत्त्वाचा हे तो किती देखणा आहे यावरून ठरत नाही. तो काय करतो यावरून ठरते. आणि हे कळण्यास प्रत्येक टप्प्यावर सजीवाच्या शरीराला विचारावे लागते.

रिसर्पीन करते तरी काय? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरॲड्रेनलीन, डोपामीन, सिरोटोनीन यांसारखी संदेशवाहक द्रव्ये साठविलेली असतात. तंतूतून संदेश आला की पिशवी फुटून द्रव्य बाहेर पडते आणि पुढच्या पेशीला खबर मिळते. ही द्रव्ये पिशवीत भरणारा जो पंप, त्यालाच रिसर्पीन अडसर घालते. पिशव्या रिकाम्या राहतात. बाहेर उरलेले द्रव्य विकरांमुळे नष्ट होते. रक्तवाहिन्यांना आवळण्याचा संदेश क्षीण होतो, त्या सैल पडतात, नाडी मंदावते, दाब उतरतो. आणि मेंदूतील खळबळही ओसरते. हा अडसर सहजी निघत नाही. म्हणून औषध बंद केल्यावरही त्याचा परिणाम कित्येक दिवस टिकतो.

या एका द्रव्याने मेंदूच्या रसायनशास्त्राचे दार उघडले. १९५५ साली अमेरिकेत प्लेचर, शोअर आणि ब्रोडी यांनी दाखविले की, रिसर्पीन दिल्यावर शरीरातील सिरोटोनीनचा साठा आटतो. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पीन दिले, तेव्हा ते हालचाल विसरून निश्चल बसले. मग त्यांना लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले. या प्रयोगातून मेंदूतील डोपामीनचे महत्त्व कळले आणि पुढे कंपवातावरचा उपचार निघाला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी १९५४ साली मनोरुग्णांना रिसर्पीन दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बिहारच्या बाजारातील जुने नाव किती यथार्थ होते हे त्यावरून जगाला कळले.

रक्तदाबाच्या बाबतीत याहून मोठी साक्ष १९६७ साली मिळाली. रक्तदाब उतरविल्याने रोग्याचे खरोखर भले होते काय, याविषयी तोवर डॉक्टरांतच मतभेद होते. अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुष रोग्यांवर परीक्षा झाली. ७३ जणांना रिसर्पीनसह तीन औषधे दिली. ७० जणांना दिसायला तशाच पण निर्गुण गोळ्या. निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांपैकी २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले. औषध घेणाऱ्यांपैकी केवळ दोघांवर. वाढलेला दाब उतरवावा हा नियम आज सर्वमान्य आहे; तो ज्या पुराव्यावर उभा राहिला, त्यात या कडू मुळीचाही वाटा आहे.

तथापि ज्या गुणाने औषध तारते त्याच गुणाने ते बाधतेही. मेंदूतील संदेशद्रव्ये आटली की काही रोग्यांना खोल उदासीनता येते; क्वचित ती आत्मघाताच्या विचारापर्यंत जाते. नाक चोंदणे, सुस्ती, जठराची आम्लता वाढणे हेही त्रास होतात. म्हणून, आणि नवी सोयीची औषधे आल्यामुळे, रिसर्पीनचा वापर आज फार थोडा उरला आहे. येथे मात्रेचा हिशोब ध्यानात घेण्याजोगा आहे. चांगल्या मुळीत रिसर्पीन-गटातील द्रव्यांचे प्रमाण शेकडा ०.१५ तरी असावे, असा औषधकोशातील संकेत आहे. म्हणजे एक ग्रॅम चूर्णात दीड मिलिग्रॅम. आणि रिसर्पीनची रोजची मात्रा असते मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापासून चौथ्या भागापर्यंत! शिवाय मुळी कोठली, किती वर्षांची, कोणत्या ऋतूत खणलेली यांवर हे प्रमाण बदलते. पानझडीनंतर, डिसेंबरच्या सुमारास काढलेल्या मुळीत अल्कलॉइडे अधिक असतात, पावसाळ्यातील मुळीत कमी. तेव्हा झोप येत नाही किंवा डोके तापते म्हणून कोणाच्या सांगण्यावरून चिमूटभर चूर्ण घेणे हे अंधारात बाण मारण्यासारखे आहे. अशी मुळी वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या देखरेखीखेरीज घेऊ नये; रक्तदाबाची वा मनोविकाराची दुसरी औषधे चालू असतील तर मुळीच घेऊ नये. आणि नाव सर्पगंधा असले तरी सर्पदंशावर ती उपाय नव्हे. साप चावलेल्या माणसाला विलंब न लावता रुग्णालयात नेऊन प्रतिविषाची लस देणे हाच उपाय होय.

अजमल खान यांचे नाव धारण करणारे पहिले द्रव्यही विस्मृतीत गेलेले नाही. १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी हृदयाच्या विद्युत्‌प्रवाहातील एका छुप्या दोषाचे वर्णन केले. धडधाकट दिसणारा माणूस त्याने झोपेत अकस्मात दगावू शकतो. हा दोष नेहमीच्या हृदयालेखात कित्येकदा दिसत नाही. युरोपातील रुग्णालयांत अशा संशयित रोग्याला देखरेखीखाली अजमलीन टोचतात आणि दडलेला दोष आलेखावर उमटतो. १९३१ साली ज्याचा उपयोग नीट कळला नव्हता, ते द्रव्य अशा रीतीने साठ वर्षांनंतर कामास आले.

राहता राहिला प्रश्न खुद्द झुडपाचा. पानांचे औषध असते तर पाने खुडून झाड राहते. फळांचे असते तर पुढच्या वर्षी पुन्हा फळे येतात. सर्पगंधेचे औषध मुळीत, आणि मुळी खणली की झुडूप संपले. १९५० नंतर जगभरातून मागणी आली तशी रानेच्या रानें खणली गेली. बियांचे कवच टणक. त्यांची उगवण तुटपुंजी. त्यामुळे गेलेल्या झुडपाची जागा लवकर भरत नाही. परदेशी कारखान्यांनी आफ्रिकेतील एका भगिनीजातीच्या मुळीकडे मोर्चा वळविला, तरी आपल्या रानातील तूट भरली नाही. १९९० साली या वनस्पतीचा समावेश संकटग्रस्त जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात करण्यात आला.

खरा मार्ग लागवडीचा आहे. या बाबतीत इंदूरच्या शेतकी महाविद्यालयाचे काम उल्लेखनीय आहे. तेथे तयार झालेल्या ‘आर. एस. १’ या वाणापासून १८ महिन्यांत हेक्टरी सुमारे अडीच टन वाळलेली मुळी मिळते. मुळी काढताना सालीला इजा होऊ न देण्याची दक्षता मात्र शेतकऱ्याने घेतली पाहिजे, कारण सारे मोल सालीत आहे. मुळ्यांचे तुकडे लावूनही नवी रोपे करता येतात. रानातील झुडपांना हात न लावता शेतातील पिकावर औषधाची गरज भागविता आली, तर रानात उरलेल्या मुळ्यांतून आणखी काही निघण्यास वाव राहील. पन्नासांहून अधिक द्रव्यांपैकी दोन-चारांचाच उपयोग आजवर नीट समजला आहे. बाकीची अजून तपासणाऱ्याची वाट पाहत आहेत.